बक्षीस नंतर ठरवा, आधी घड्याळ बघा

पत्र

"सर, आमच्या वाडीच्या मंडळाला यंदा २५ वर्षं होतायत. रौप्यमहोत्सव म्हणून फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी पुरुष गटाची कबड्डी स्पर्धा घ्यायचं ठरलंय. ३२ संघ, एक मैदान, मॅटवर. पहिलं बक्षीस ५१ हजार, दुसरं ३१ हजार, उपांत्य फेरीत हरलेल्यांना १५-१५ हजार, शिवाय वैयक्तिक तीन बक्षिसं पाच-पाच हजारांची. बक्षिसांचेच १ लाख २७ हजार झाले. मंडप-लाइट-साउंड ६० हजार, मॅटचं भाडं २० हजार, चषक आणि टी-शर्ट २५ हजार, जेवण १५ हजार, पंच १० हजार. एकूण २ लाख ५७ हजार. खात्यात ३८ हजार आहेत. हजार रुपये प्रवेश फीप्रमाणे ३२ हजार येतील. बैठकीत १ लाख ६० हजारांच्या देणग्या जाहीर झाल्यात. २७ हजार कमी पडतात, ते ऐनवेळी उभे राहतील असं अध्यक्ष म्हणतात. मी खजिनदार, वय २७. मंडपवाला माझ्या एकट्याच्या सहीवर काम घ्यायला तयार आहे. मला मात्र रात्री झोप लागत नाही. राजीनामा देऊ का?"

— एक खजिनदार, रत्नागिरी जिल्हा

उत्तर

राजीनामा देऊ नका. तुमच्या जागी जो येईल त्याला झोप लागेल, आणि ते मंडळाला परवडणार नाही.

तुमचा कागद मी तीनदा वाचला. बेरजा बरोबर आहेत, अक्षरही चांगलं आहे. पण सगळ्या कागदावर घड्याळाचा काटा कुठेच नाही. कुठला सामना किती वाजता सुरू होणार आणि अंतिम सामना किती वाजता संपणार, याबद्दल एक ओळ नाही. मी तीसेक वर्षं शाळेत क्रीडाशिक्षक होतो, गावोगावच्या स्पर्धांत कधी पंच म्हणून, कधी आयोजक म्हणून राबलो. स्पर्धा बुडताना पाहिल्या त्या बहुतेक वेळेपायी बुडाल्या. पैसा मागाहून गेला.

आपण मोजूया. बाद पद्धतीत प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो, म्हणून ३२ संघांना ३१ सामने लागतात. पुरुषांचा सामना २० मिनिटांची दोन सत्रं आणि मध्ये पाच मिनिटं विश्रांती, असा ४५ मिनिटांचा. त्यात टाइम आउट, एखादी दुखापत, पंचांशी हुज्जत, बरोबरी झाली तर पाच-पाच चढाया, मग पुढच्या संघांची हजेरी. तासाला एक सामना हा हिशोब मी नेहमी धरतो आणि तो क्वचितच चुकतो. म्हणजे ३१ तास. शनिवारी-रविवारी दुपारी तीनपासून रात्री दहापर्यंत खेळवलंत तर तुमच्याकडे १४ तास आहेत. तुम्हाला वाटतंय २७ हजार रुपये कमी पडतायत. कमी पडतायत ते १७ तास.

"रात्र जागवू" असं कुणीतरी बैठकीत म्हणालंच असेल. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे. बारापर्यंतची सवलत मिळते ती शासनाने ठरवून दिलेल्या सणासुदीच्या मोजक्या दिवसांपुरती. त्यात तुमची स्पर्धा बसेल असं धरून चालू नका. माइक बंद ठेवून खेळवता येईल, कबड्डीला माइक लागत नाही हेही खरं. पण कानावर समालोचन नसेल तर आपल्याकडचा प्रेक्षक मैदानात उतरून स्वतःच समालोचन करू लागतो.

आणि रात्र जागवली की काय होतं ते मी एकदा पुरतं भोगलंय. १९९६ साली आमच्याकडे अंतिम सामना रात्री अडीचला संपला. जनरेटरचं डिझेल एक वाजता संपलेलं. पंपवाल्याला घरी जाऊन उठवलं, दोन कॅन मोटरसायकलवर बांधून आणले. दोन संघांची शेवटची एसटी केव्हाच गेलेली. २८ जण शाळेच्या व्हरांड्यात झोपले आणि सकाळी साहजिकच त्यांना चहा-पोहे लागले. पंचांना तालुक्याला सोडायला जीप करावी लागली. मंडप सकाळी उतरेना, कारण माणसं झोपलेली. तो दिवस मंडपवाल्याने भाड्यात धरला. यातला एकही खर्च आमच्या कागदावर नव्हता. त्यातून दुसऱ्या बक्षिसाची रक्कम ज्यांनी माइकवरून जाहीर केली होती ते गृहस्थ अकरा वाजताच निघून गेलेले. उपविजेत्या संघाचा कप्तान काही न बोलता उजाडेपर्यंत माझ्याजवळ बसून राहिला. शेवटी पतसंस्थेचं कर्ज काढून मी ती रक्कम पोचती केली. हप्ता दहा महिने पगारातून जात होता. घरच्यांनी त्यानंतर वर्षभर कबड्डी हा शब्द काढू दिला नाही.

म्हणून संघ १६च घ्या. सामने १५ होतील. शनिवारी पहिल्या फेरीचे आठ सामने १५-५-१५ मिनिटांचे ठेवा. गावोगावच्या स्पर्धांत सुरुवातीच्या फेऱ्या अशा खेळवतात, फक्त ते आधी पत्रकात छापा आणि जिल्हा कबड्डी संघटनेच्या कानावर घाला. सामन्याला ५० मिनिटं धरली तर तीनला सुरू करून पावणेदहाला मैदान मोकळं होतं. रविवारी सकाळी आठला उपांत्यपूर्व फेरीचे चार सामने त्याच वेळेचे, साडेअकराच्या आत संपतात. जिंकलेल्या चार संघांना दुपारभर विश्रांती मिळते. ती द्यायलाच हवी. दमलेल्या पोराचा गुडघा मुरगळतो, आणि मग गाडी, दवाखाना, एक्स-रे सगळं मंडळाकडे बघतं. संध्याकाळी पाचला आणि सहाला उपांत्य सामने पूर्ण वेळेचे, पावणेआठला अंतिम. नऊ-सव्वानऊला बक्षीस समारंभ उरकून माणसं जेवायला घरी.

तुमच्या पत्रातल्या काही ओळी जागेअभावी वर छापल्या नाहीत. त्यातली एक: पंचवीस वर्षांतल्या २५ जुन्या कार्यकर्त्यांचा सत्कार. कल्पना चांगली. पण नाव पुकारणं, माणूस गर्दीतून येणं, शाल, श्रीफळ, फोटो, पुन्हा एकदा फोटो, यात माणशी चार मिनिटं जातात. २५ सत्कार म्हणजे १०० मिनिटं, दोन सामन्यांचा वेळ. हा कार्यक्रम रविवारी दुपारी तीन ते पावणेपाच घ्या, मैदान तेव्हा रिकामंच आहे. दोन सामन्यांच्या मध्ये सत्कार घुसवलेत तर खेळाडूंचं अंग थंड होतं आणि प्रेक्षक वडापावच्या गाडीकडे जातात.

आता पैशाकडे येऊ. १ लाख ६० हजार जाहीर झाले म्हणता. त्यातले ५१ हजार एका पुढाऱ्याचे, ५० हजार मुंबईच्या चाकरमान्यांचे, उरलेले ५९ हजार दुकानदार-कंत्राटदारांचे. पावती एकाचीही फाडलेली नाही. सध्या ही बोलाचीच कढी आहे. पुढाऱ्याचे ५१ हजार तर मी हिशोबात अर्धेही धरणार नाही. मध्येच एखादी आचारसंहिता लागली की बॅनरही जातो आणि त्याबरोबर देणगीही. मुंबईकरांचे पैसे येतात, पण उशिरा येतात.

एक तारीख ठरवा, स्पर्धेच्या बरोबर पंधरा दिवस आधीची. त्या दिवशी खात्यात जमा असेल तेवढीच देणगी खरी. बक्षिसांच्या रकमा त्या दिवसानंतर छापा. तोवर पत्रकावर "आकर्षक रोख बक्षिसे" एवढंच असू द्या. संघ कुरकुर करतील. करू द्या. चांगल्या संघांना बक्षिसाइतकीच किंमत वेळेवर सुटण्याची असते, हे त्यांच्या प्रशिक्षकांना विचारून बघा.

जे रोख द्यायला कांकू करतात त्यांच्याकडे वस्तू मागा. एकाने चषक द्यावेत, एकाने पाण्याचे जार, एकाने केळी आणि लिंबं. हार्डवेअरच्या दुकानदाराकडे दहा हजार मागितले तर तो पुढच्या आठवड्यात या म्हणतो. वायर आणि हॅलोजन मागितले तर पोराला गोदामात पाठवतो.

मॅटबद्दल माझं मत तुमच्या तरुण मंडळींना आवडणार नाही. ही स्पर्धा मातीवर घ्या. प्रो कबड्डी २०१४ला सुरू झाली तेव्हापासून प्रत्येक मंडळाला मॅट हवी असते, ते मी समजू शकतो. पण मॅट ही घरातली वस्तू आहे. उघड्यावर, कोकणात, थंडीच्या दिवसांत आठनंतर दव पडायला लागतं आणि मॅट ओल्या फरशीसारखी होते. मग प्रत्येक सामन्याआधी चार पोरं फडकी घेऊन पुसत बसतात. म्हणजे पुन्हा वेळच. खाली जमीन सपाट नसेल तर जोड उचकटतात, बोटं अडकतात. शिवाय तुमच्या १६ संघांतल्या निम्म्या पोरांकडे मॅटचे बूट नसतील. त्यापेक्षा दोन ब्रास चांगली माती आणा, चाळा, आठ दिवस पाणी मारून चोपा, १३ बाय १० मीटरचं मैदान फक्कीने आखा. कळीचा चुना वापरू नका, डोळ्यांत गेला तर जाळतो. राखीव क्षेत्र, निदान रेषा, बोनस रेषा टेपने मोजून आखून घ्या, पावलांनी नको. श्रमदान धरून सहा हजारांत काम होईल. भाड्याचे २० हजार वाचले.

जेवणाचं बघा. ३२ संघ, प्रत्येकी बारा खेळाडू आणि दोन व्यवस्थापक, म्हणजे ४४८ माणसं. १५ हजारांत डोई तेहतीस रुपये पडतात, तेही दोन दिवसांसाठी. एवढ्यात एकवेळचा वडापाव आणि चहा होईल. १६ संघ केलेत तर शनिवारी २२४ आणि रविवारी आठ संघांची ११२ माणसं. पंच आणि कार्यकर्ते धरून दोन्ही दिवसांची मिळून चारशेच्या वर ताटं जातात. केटररला विचारू नका. वाड्यांना संघ वाटून द्या, एका वाडीकडे दोन संघ. तांदूळ घराघरांतून जमवा, डाळ-तेल-भाजी मंडळाची. वीस हजारांत निभेल, आणि पाहुण्या पोरांना भात-आमटी-उसळ गरम मिळेल. ताट कूपनावरच द्या. कूपन नसलं की जेवणाऱ्यांत गावही असतं.

टी-शर्ट काढून टाका. कार्यकर्त्यांना ओळखायला रंगीत फीत पुरते.

पंचांचे १० हजार कमी वाटतात. एका सामन्याला सरपंच म्हणजे मुख्य पंच, दोन पंच, गुणलेखक आणि दोन सहाय्यक गुणलेखक असे सहा जण लागतात. दिवसाला आठ सामने एकाच तुकडीने काढले तर सातव्या सामन्यात निर्णय चुकायला लागतात आणि भांडणं तिथेच होतात. म्हणून दोन तुकड्या. जिल्हा संघटनेकडे अर्ज करा, मानधनाचा दर त्यांच्याकडूनच घ्या. मी अंदाजाने बारा हजार धरतोय. हा अर्ज आणखी एका कारणासाठी लागतो. मान्यता नसलेल्या स्पर्धेत नोंदणीकृत खेळाडू उतरला तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते, आणि चांगले संघ त्या भीतीने येतच नाहीत.

प्रथमोपचार आणि एक गाडी चालकासह मैदानाजवळ उभी, यासाठी पाच हजार. १०८ बोलावली की येते, पण ती तुमच्या मैदानावर दोन दिवस उभी राहणार नाही.

मंडप लहान करा. मंचावर पंचवीस खुर्च्या कशाला? तिथे गुणलेखक बसतात, बाकीचे फोटोला येतात. आणि बांबूची उंच गॅलरी बांधायचा विचार असेल तर तो आजच सोडा. मार्च २०२१मध्ये तेलंगणात सूर्यापेटला कुमार गटाच्या राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेत प्रेक्षक गॅलरी कोसळली, शंभरावर माणसं जखमी झाली. ती राष्ट्रीय स्पर्धा होती, आपल्याकडे तर बांधणाराही गावचाच आणि तपासणाराही गावचाच. माणसांना उतारावर, पायऱ्यांवर, जमिनीवर बसवा. मैदानाभोवती दोरी लावा. मंडप, लाइट, साउंड ४५ हजारांत बसवा आणि त्यात जनरेटर डिझेलसह लिहून घ्या. वीज महावितरणकडून तात्पुरती जोडणी घेऊनच. आकडा टाकायचा नाही.

बक्षिसं २१ हजार, ११ हजार, पाच-पाच हजार, आणि उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, अष्टपैलू यांना दोन-दोन हजार. झाले ४८ हजार. चषकांचे १० हजार धरतो, कुणी दिले तर तेवढे वाचतील.

आता बेरीज. बक्षिसं ४८, मंडप-लाइट-साउंड ४५, मैदान ६, चषक १०, जेवण २०, पंच १२, उपचार-गाडी ५, एकूण १ लाख ४६ हजार. त्यावर १५ हजार अडीअडचणीला. ही रक्कम कागदावर "किरकोळ" म्हणून लिहू नका, कारण किरकोळ दिसलं की अध्यक्ष त्यातून फटाके आणतात. "राखीव" लिहा. सगळं मिळून १ लाख ६१ हजार. तुमच्या हातात ३८ आणि प्रवेश फीचे १६, म्हणजे ५४ हजार. लागतात १ लाख ७ हजार. जाहीर झालेल्या देणग्यांपैकी तीन भागांतले दोन आले तरी तुम्ही तरलात. पंधरा दिवस आधीच्या तारखेला तेवढेही आले नाहीत तर पहिलं बक्षीस २१चं ११ करायचं आणि बाकीची त्या मानाने उतरवायची, पण मंडपाचं बिल उधार ठेवायचं नाही. हा क्रम आजच बैठकीत ठरवून ठेवा. ऐनवेळी ठरवायला बसलात तर ज्याचा आवाज मोठा त्याचं होतं.

सहीचं सांगतो. एकट्याने सही करू नका, कितीही ओळखीचा मंडपवाला असो. मंडळाची नोंदणी असेल तर अध्यक्ष, सचिव आणि तुम्ही असा तिघांचा ठराव करा, ऑर्डर मंडळाच्या लेटरहेडवर, आगाऊ रक्कम चेकने. नोंदणी नसेल तर नुसती वर्गणी गोळा करायलाही धर्मादाय आयुक्त कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते. ते काम आधी करा. अध्यक्षांना भांडून सांगू नका. हा नवा कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, "२७ हजार ऐनवेळी कोण उभे करणार, त्याचं नाव इतिवृत्तात लिहू का?" बहुतेक अध्यक्षांना या प्रश्नानंतर १६ संघ पटतात.

तारखेचंही बघा. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा सुरू होते, मागोमाग दहावीची. मैदान शाळेजवळ आहे असं तुम्हीच लिहिलंय. अभ्यासाला बसलेल्या पोरांच्या घरांतून पहिली तक्रार जाईल आणि पोलिसांना ती घ्यावीच लागेल. स्पर्धा २६ जानेवारीच्या जवळच्या शनिवार-रविवारी आणा. मुंबईची मंडळीही तेव्हा येऊ शकतात, आणि आली की त्यांचे ५० हजार त्यांच्या हातूनच घेता येतात. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणि पोलीस ठाण्याची परवानगी यासाठी या आठवड्यातच अर्ज द्या.

शनिवारचा पहिला सामना तीनला म्हणजे तीनलाच सुरू करा. उद्घाटनाचे पाहुणे पोचले नसतील तर नारळ मंडळातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातून फोडून घ्या. पाहुणे चारला येतील, तेव्हा दुसरा सामना चालू असेल. त्यांना खुर्ची द्या, चहा द्या, आणि खेळ थांबवू नका.